जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरने वाचताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या संगणकीकरणाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी मजकूर प्रसिद्ध होत असतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून या विषयाला साहजिकच जोर आला आहे. मात्र चर्चा होते ती संगणक किती आले, किती संस्था जोडल्या गेल्या आणि सभासदाला छापील पावती मिळते की नाही याची. आधीच साठवलेल्या नोंदी नवे सॉफ्टवेअर नेमके कसे वाचते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सांगली आणि आसपासच्या तालुक्यांतील दूध संस्था, पतसंस्था आणि अडत दुकाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करणे हा माझा व्यवसाय असल्याने या प्रश्नाकडे वाचकांचे, विशेषतः संस्थांच्या संचालकांचे आणि संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे, लक्ष वेधावे असे मला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की साठवलेल्या नोंदीतले प्रत्येक फिल्ड प्रोग्रॅमने नावाने मागून, तपासून आणि ते सापडले नाही तर काय करायचे हे आधी ठरवून वाचले पाहिजे. प्रोग्रॅमिंगची भाषा आपोआप जे वाचन करून देते त्याच्यावर ते सोपवू नये.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतो. आजची बहुतेक सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने लिहिलेली असतात. त्यांत प्रत्येक नोंद हा एक ऑब्जेक्ट असतो, त्याचा आराखडा क्लासमध्ये लिहिलेला असतो आणि त्या आराखड्यातल्या एकेका रकान्याला फिल्ड म्हणतात. संगणक बंद झाला की मेमरीतले ऑब्जेक्ट नाहीसे होतात, म्हणून त्यांची फिल्ड फाईलमध्ये उतरवून ठेवली जातात. या क्रियेला सिरियलायझेशन म्हणतात, आणि फाईल वाचून तोच ऑब्जेक्ट पुन्हा मेमरीत उभा करण्याच्या क्रियेला डिसिरियलायझेशन. जावा या भाषेत ही सोय १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीपासून आहे. क्लासच्या नावापुढे ‘सिरियलायझेबल’ एवढे जाहीर केले, की लिहिण्याचे आणि वाचण्याचे सगळे काम भाषा स्वतः करते. छोट्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसचा खटाटोप टाळण्यासाठी रोजच्या नोंदींची यादी अशा एकाच ओळीत फाईलमध्ये ढकलून देण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि जोपर्यंत क्लास बदलत नाही तोपर्यंत ती बिनतक्रार चालते.

क्लास मात्र बदलतोच. एखाद्या गावातील दूध संकलन केंद्राचे सॉफ्टवेअर उदाहरणासाठी घेऊ. त्यात ‘दूधनोंद’ नावाचा क्लास आहे आणि सभासद क्रमांक, तारीख, वेळ, लिटर, फॅट व दर यांबरोबर ‘प्रकार’ नावाचे एक फिल्ड आहे, ज्यात गाईच्या दुधासाठी ‘गा’ आणि म्हशीच्या दुधासाठी ‘म’ असे अक्षर साठवले जाते. वर्षाच्या मध्यावर प्रोग्रॅमर बदलतो. नव्या प्रोग्रॅमरला अक्षरांची ही पद्धत गबाळी वाटते, म्हणून तो ‘प्रकार’ काढून टाकतो आणि त्या जागी ‘म्हैस’ नावाचे होय किंवा नाही एवढेच उत्तर ठेवणारे बुलियन फिल्ड घालतो. त्याच वेळी केंद्रावर नवे मशीन आल्यामुळे तो ‘एसएनएफ’ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) हेही फिल्ड वाढवतो, आणि जुन्या नोंदींत हा आकडा नाही हे त्याच्या लक्षात असल्याने क्लासमध्ये त्याची सुरुवातीची किंमत ८.५ अशी लिहून ठेवतो. वाचताना हा बदल समंजस वाटतो, आणि नव्या नोंदींच्या बाबतीत तो आहेही.

आता हे नवे सॉफ्टवेअर जुनी फाईल उघडते तेव्हा काय होते ते पाहा. फाईलमध्ये ‘प्रकार’ आहे, पण नव्या क्लासमध्ये त्या नावाचे फिल्ड नाही. जावा ते वाचते आणि काही न बोलता सोडून देते. क्लासमध्ये ‘म्हैस’ आहे, पण फाईलमध्ये नाही. जावा त्यात त्या जातीच्या फिल्डची ठरलेली किंमत ठेवते, आणि बुलियनसाठी ती किंमत ‘नाही’ ही आहे. परिणामी बदलापूर्वी घातलेले सगळे म्हशीचे दूध त्या क्षणी गाईचे होते. ‘एसएनएफ’ची गत आणखी वाईट आहे, कारण तिथे प्रोग्रॅमरने काळजी घेतलेली असूनही जुन्या नोंदींत ८.५ न येता शून्य येते.

असे का होते, हे कळणे महत्त्वाचे आहे. सामान्यतः ऑब्जेक्ट जन्माला येतो तो कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे नवा ऑब्जेक्ट घडवण्यासाठी क्लासमध्ये लिहिलेल्या कोडमधून. सुरुवातीच्या किमती तिथेच भरल्या जातात आणि लिटर ऋण नाही ना, तारीख पुढची नाही ना, ही तपासणीही बहुधा तिथेच असते. फाईलमधून उभा राहणारा ऑब्जेक्ट या दारातून येत नाही. ज्या क्लासवर ‘सिरियलायझेबल’ लिहिले आहे त्याचा कन्स्ट्रक्टर वाचनाच्या वेळी चालतच नाही, आणि फिल्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही भरली जात नाही. एक क्लास दुसऱ्या क्लासवर आधारलेला असतो; त्या वंशावळीत वर जाऊन सिरियलायझेबल नसलेला जो पहिला क्लास भेटतो, त्याचा पॅरामीटर नसलेला, म्हणजे बाहेरून कोणतीही किंमत न मागणारा, कन्स्ट्रक्टर तेवढा चालतो, आणि तो बहुतेक वेळा सर्वांचा मूळ असलेला ‘ऑब्जेक्ट’ हाच क्लास असतो. म्हणजे क्लास लिहिणाऱ्याने कन्स्ट्रक्टरमध्ये कितीही बंदोबस्त केला, तरी जुन्या फाईलमधून येणाऱ्या नोंदीला तो लागू होत नाही. ‘ट्रान्झियंट’ म्हणून जाहीर केलेली फिल्ड तर मुळात साठवलीच जात नाहीत, त्यामुळे वाचल्यानंतर तीही रिकामीच असतात आणि त्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

हा दोष रोजच्या कामात दिसत नाही. सकाळ-संध्याकाळच्या पावत्या नव्या नोंदींवरून निघतात, दहा दिवसांचे बिल नव्या नोंदींवरून होते, आणि सगळे ठीक चालले आहे असा सर्वांचा समज होतो. दिवाळीच्या तोंडावर दूध दर फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे द्यायची जादा रक्कम, काढायची वेळ येते तेव्हा प्रथमच वर्षभराच्या नोंदी एकदम वाचल्या जातात. गाईचा आणि म्हशीचा फरक लिटरमागे वेगवेगळा असतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून आणि म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट व ९.० एसएनएफ धरून ठरवला जातो, हे आपल्या भागातल्या कोणत्याही दूध उत्पादकाला ठाऊक आहे. ज्याच्या गोठ्यात फक्त म्हशी आहेत त्याच्या नावावर अर्ध्या वर्षाचे गाईचे दूध निघाले, तर तो तक्रार करील आणि चूक पकडली जाईल. पण ज्याच्याकडे दोन्ही जनावरे आहेत तो छापील यादीपुढे काय बोलणार? त्यातही एक गोष्ट अशी आहे जिच्यावर उपाय नाही. नव्या सॉफ्टवेअरने जुनी फाईल एकदा वाचून पुन्हा साठवली, की ‘प्रकार’ हे फिल्ड त्या फाईलमधून कायमचे गेले. त्यानंतर प्रोग्रॅम दुरुस्त करूनही ‘म’ आणि ‘गा’ परत येत नाहीत. ते फक्त आधीच्या बॅकअपमध्ये, तोही कोणी जपला असेल तर, सापडतात.

याच्या उलट, जावा जेव्हा वाचायला सरळ नकार देते तेव्हा आरडाओरडा होतो आणि गंमत अशी की त्या सावधगिरीलाच लोक दोष देतात. प्रत्येक सिरियलायझेबल क्लासला एक आवृत्ती क्रमांक असतो, त्याला सिरियल व्हर्जन यूआयडी म्हणतात. प्रोग्रॅमरने तो स्वतः लिहिला नाही तर क्लासचे नाव, त्याची फिल्ड, मेथड (क्लासमध्ये लिहून ठेवलेल्या क्रिया) आणि इंटरफेस यांच्यावरून तो काढला जातो, त्यामुळे एखादी साधी सार्वजनिक मेथड वाढवली तरी क्रमांक बदलतो आणि जुनी फाईल ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ देऊन थांबते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी जुनी फाईल बाजूला सारून कोऱ्या फाईलने सुरुवात केली जाते आणि मागची शिल्लक हाताने भरली जाते. त्याची गरज नसते. चूक दाखवणाऱ्या त्या संदेशातच फाईलमधला क्रमांक आणि सध्याच्या क्लासचा क्रमांक असे दोन्ही छापलेले असतात. शिवाय जावाबरोबर ‘सिरियलव्हर’ नावाचे एक साधन येते, ते जुन्या क्लासवर चालवले की त्याचा क्रमांक सांगते. तो क्रमांक नव्या क्लासमध्ये जसाच्या तसा लिहिला की फाईल उघडते. पण इथेच खरा धोका सुरू होतो, कारण क्रमांक जुळवणे म्हणजे ‘या दोन आराखड्यांचा मेळ मी घालीन’ असे भाषेला दिलेले वचन आहे, आणि ते वचन पाळणारा कोड सहसा कोणी लिहीत नाही. क्रमांक जुळला, फाईल उघडली, काम संपले, असे मानले जाते. वर सांगितलेला म्हशींचा घोटाळा नेमका या टप्प्यानंतरच होतो.

हे वचन पाळायचे कसे, याची सोय भाषेतच आहे. क्लासमध्ये ‘रीडऑब्जेक्ट’ नावाची खासगी मेथड लिहिली की वाचनाचा ताबा आपल्याकडे येतो. तिच्यात ‘डिफॉल्टरीडऑब्जेक्ट’ बोलावले तर पुन्हा सगळे आपोआपच होते, म्हणून त्याऐवजी ‘रीडफिल्ड्स’ बोलवावे. ते ‘गेटफिल्ड’ नावाचा एक ऑब्जेक्ट देते, ज्याच्याकडून प्रत्येक फिल्ड नावाने मागता येते आणि मागतानाच ते नसल्यास कोणती किंमत धरावी हेही सांगता येते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याच्याकडे ‘डिफॉल्टेड’ अशी एक मेथड आहे, जी अमुक फिल्डची किंमत या फाईलमध्ये होती की नव्हती एवढेच सांगते. फाईलमध्ये ‘नाही’ असे लिहिलेले असणे आणि फाईलमध्ये काहीच लिहिलेले नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपोआप वाचनात त्यांतला फरक पुसला जातो. ‘डिफॉल्टेड’ तो परत मिळवून देते. दूधनोंदीच्या उदाहरणात ‘म्हैस’ फाईलमध्ये नाही असे कळले की ‘प्रकार’ मागायचा, ‘म’ असेल तर होय, ‘गा’ असेल तर नाही, आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर अंदाज न करता नोंद नाकारायची. ‘एसएनएफ’ नसेल तर तिथे गाईला ८.५ आणि म्हशीला ९.० धरायचे, की ‘माहीत नाही’ अशी वेगळी खूण ठेवायची, हा निर्णय मात्र संस्थेने घ्यायचा आहे, प्रोग्रॅमरने परस्पर नव्हे. मला विचाराल तर मी खूणच ठेवीन, कारण मोजलेला आकडा आणि धरलेला आकडा एकाच रकान्यात मिसळले की नंतर ते निवडता येत नाहीत.

काढून टाकलेल्या जुन्या फिल्डचे नाव असे मागायचे असेल तर ते ‘सिरियल पर्सिस्टंट फिल्ड्स’ या यादीत जाहीर करून ठेवणे हा चोख मार्ग आहे. मग लिहितानाही ‘पुटफिल्ड्स’ वापरून हाताने लिहावे लागते. काम वाढते हे खरे. परंतु या यादीचा एक फायदा असा, की फाईलमध्ये काय असते आणि क्लासमध्ये काय असते हे वेगळे राहते, आणि पुढच्या प्रोग्रॅमरला क्लासची आतली मांडणी फाईलला धक्का न लावता बदलता येते.

पैशांच्या फिल्डविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. पुष्कळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम दशांश संख्या म्हणून, म्हणजे ‘डबल’ या प्रकारात, रुपयांत ठेवलेली असते. ०.१ सारखी साधी संख्याही या प्रकारात तंतोतंत बसत नसल्याने बेरजांत पैशाचा फरक पडतो आणि लेखापरीक्षकाला तो दिसतो. म्हणून जाणता प्रोग्रॅमर रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवू लागतो. नाव तेच ठेवून प्रकार ‘डबल’चा ‘लाँग’ केला तर जावा विसंगतीची चूक दाखवून थांबते, आणि ते बरेच आहे. परंतु जिथे रक्कम आधीपासूनच पूर्ण रुपयांत ‘लाँग’ म्हणून ठेवली होती आणि नव्या आवृत्तीत तिचा अर्थ फक्त पैसे असा बदलला, तिथे प्रकार तोच, नाव तेच, क्रमांक तोच. भाषेला काहीही खटकत नाही आणि ५,००० रुपयांची जुनी ठेव ५० रुपयांची होऊन पडद्यावर येते. फिल्डचा अर्थ बदलला की त्याचे नाव बदललेच पाहिजे, हा नियम प्रत्येक संस्थेने आपल्या सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून पाळून घ्यावा. जुने ‘रक्कम’ आणि नवे ‘रक्कमपैशांत’ अशी दोन नावे असली, तर कोणत्या फाईलमध्ये काय आहे याबद्दल शंकाच उरत नाही.

वाचून झाल्यानंतर तपासणीही तिथेच व्हायला हवी. जी अट कन्स्ट्रक्टरमध्ये आहे ती ‘रीडऑब्जेक्ट’मध्ये पुन्हा लिहावी, आणि लिटर, दर व रक्कम यांचा मेळ बसत नसेल तर ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ देऊन वाचन थांबवावे. २०२१ मध्ये जावाच्या १६ व्या आवृत्तीत कायम झालेले ‘रेकॉर्ड’ हे क्लास या दृष्टीने अधिक शहाणे आहेत, कारण ते फाईलमधून उभे राहतानाही आपल्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जातात आणि तिथली तपासणी चुकवता येत नाही. मात्र फाईलमध्ये नसलेल्या फिल्डसाठी त्यांनाही शून्य किंवा रिकामी किंमतच मिळते, आणि ती नाकारायची की नाही हे कन्स्ट्रक्टर लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. पायथन या भाषेत ‘पिकल’ हे साठवणुकीचे साधन वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. तिथेही वाचताना ‘इनिट’, म्हणजे कन्स्ट्रक्टरचे काम करणारी मेथड, चालत नाही, आणि जुन्या ऑब्जेक्टमध्ये नवे फिल्ड नसेल तर ते पहिल्यांदा मागेपर्यंत चूक कळत नाही.

आतापर्यंत आपल्याच जुन्या फाईलविषयी लिहिले. फाईल दुसऱ्याने बनवलेली असेल तर मामला आणखी गंभीर होतो. जावाच्या या फाईलमध्ये फिल्डच्या किमतींबरोबर कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट उभा करायचा त्याचे नावही असते, आणि ‘ही दूधनोंदच आहे ना’ ही तपासणी प्रोग्रॅम करतो तो ऑब्जेक्ट उभा राहून झाल्यावर. तोवर त्या क्लासची ‘रीडऑब्जेक्ट’ मेथड चालून गेलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेले निरुपद्रवी क्लास अशा रीतीने एकमेकांत गुंफून, केवळ फाईल वाचायला लावून हवा तो आदेश संगणकावर चालवता येतो, हे २०१५ मध्ये अपाची कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, निमित्ताने जगासमोर आले. सुरक्षेच्या क्षेत्रातील ओवास्प या संस्थेने २०१७ च्या आपल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत असुरक्षित डिसिरियलायझेशनला स्वतंत्र स्थान दिले. जावाचे मुख्य रचनाकार मार्क रेनहोल्ड यांनी तर २०१८ मध्ये १९९७ च्या या सोयीला भयंकर चूक म्हटले, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेटमधले ‘बायनरी फॉरमॅटर’ हे तसेच साधन २०२४ च्या नवव्या आवृत्तीतून काढून टाकले. आपल्याकडे संकलन केंद्रावरून मुख्य कार्यालयात डेटा पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवरून जातो. तो ज्या विश्वासाने उघडला जातो तो पाहून हरिपूरच्या हळदीच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, आठवण होते, कारण तिथे माल आपलाच असला तरी पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नसे, आतली हवा आधी पालटू देत. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून ऑब्जेक्ट वाचण्यापूर्वी लावायची गाळणी उपलब्ध आहे, आणि आपल्याकडे अजून मोठ्या प्रमाणावर असलेल्या जावा ८ मध्येही ८यू१२१ या सुधारणेपासून ती सेटिंगमधून लावता येते. आमच्या पॅकेजमधले क्लास चालतील, बाकीचे सगळे नाकारा, एवढा एक नियम तिच्यात लिहिला तरी मोठा धोका टळतो.

यावर बरेच जण म्हणतात की हे सगळे सोडून जेसॉन, म्हणजे फिल्डचे नाव आणि किंमत साध्या मजकुरात लिहून ठेवण्याची पद्धत, वापरा. सल्ला चांगला आहे; मजकूर डोळ्यांनी वाचता येतो आणि कोणत्याही भाषेत उघडता येतो, हे सहकारी संस्थेच्या दृष्टीने मोठे गुण आहेत. पण नसलेल्या फिल्डचा प्रश्न त्याने सुटत नाही. जेसॉन वाचून ऑब्जेक्ट भरणाऱ्या जावाच्या लायब्ररींचे वागणे सारखे नाही: जॅक्सनच्या २ या मालिकेतल्या आवृत्त्या अनोळखी फिल्ड दिसले की मुळात थांबतात, तर जीसॉन ते गुपचूप सोडून देते, आणि क्लासला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर नसेल तर जीसॉनही कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट उभा करू शकते. बँक खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर सुरुवातीची शून्ये जातात, आणि वाचणारा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टचा असेल तर ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढच्या संख्यांचे शेवटचे अंक बदलू शकतात. खाते क्रमांक ही मोजायची संख्या नव्हे; तो अक्षरांसारखाच साठवला पाहिजे.

सांगलीकरांना या विषयाची निकड वेगळी सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरानंतर दुकानातला किंवा कार्यालयातला संगणक टाकून द्यावा लागतो आणि सर्व भिस्त बॅकअपवर येते. बॅकअप घेतला आहे हे सगळे सांगतात, पण तो ज्या आवृत्तीने घेतला ती आणि ज्या आवृत्तीने आता वाचायचा ती एकच आहे का, हे कोणी पाहिलेले नसते. नव्या संगणकावर नवीनच सॉफ्टवेअर बसते, त्यात तीन वर्षांपूर्वीचा बॅकअप टाकला जातो, आणि फाईल उघडली एवढ्यावर समाधान मानले जाते. बॅकअपची चाचणी घ्यायची तर तो उघडून काही निवडक सभासदांच्या नोंदी जुन्या छापील पावत्यांशी ताडून पाहाव्यात. नुसती एकूण बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक फिल्ड बरोबर वाचले गेले असे होत नाही, कारण वरच्या उदाहरणात लिटरची बेरीज शेवटपर्यंत अचूकच राहते.

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या वर्गांत हा विषय शिकवला जातो, पण ज्या पद्धतीने शिकवला जातो तिच्यात ही अडचण विद्यार्थ्याला कधी भेटतच नाही. प्रात्यक्षिकात विद्यार्थी एक क्लास लिहितो, ऑब्जेक्ट फाईलमध्ये साठवतो आणि पुढच्याच ओळीत तो वाचून छापतो. त्याच प्रोग्रॅमने, त्याच क्लासने, त्याच मिनिटाला लिहिलेली फाईल वाचणे यात अवघड असे काही नाही. अवघड ते आहे जे नोकरीच्या पहिल्या वर्षात समोर येते: दुसऱ्याने, जुन्या क्लासने, काही वर्षांपूर्वी लिहिलेली फाईल. माझी प्राध्यापकांना विनंती आहे, की गेल्या वर्षीच्या तुकडीने साठवलेल्या फाईल जपून ठेवाव्यात, या वर्षीच्या तुकडीला दोन फिल्ड बदललेला क्लास द्यावा आणि एकही नोंद न हरवता, एकही किंमत मनाने न भरता त्या वाचून दाखवायला सांगावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, अभ्यासक्रम बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

संस्थांच्या संचालकांना प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, मात्र सॉफ्टवेअरचा करार करताना काही गोष्टी त्यांनी लेखी मागाव्यात. नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी जुन्या फाईलची न बदललेली प्रत बाजूला काढून तिच्यावर तारीख आणि आवृत्ती लिहिली जाईल, आणि वर्षाचे लेखापरीक्षण होईपर्यंत ती पुसली जाणार नाही. कोणते फिल्ड वाढले, कोणते गेले, कोणाचा अर्थ बदलला आणि जुन्या नोंदींत त्याच्या जागी काय धरले, याचे एक पान मराठीत मिळेल आणि ते सभेच्या इतिवृत्ताला जोडले जाईल. पुरवठादार बदलला तर सर्व नोंदी डोळ्यांनी वाचता येतील अशा स्वरूपात हवाली केल्या जातील. आणि ज्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला त्याच आवृत्तीची बसवण्याची फाईल बॅकअपबरोबर त्याच डिस्कवर ठेवली जाईल, कारण क्लासचा जुना आराखडा तिच्यातच असतो आणि तो हाताशी असल्याशिवाय जुन्या फाईलमधली फिल्ड काय होती हे नव्या प्रोग्रॅमरला शोधून काढणे फार कष्टाचे होते.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली